किरणांनंतरची लाळ आणि श्लेष्मा जपण्याचे काम

तोंडाच्या किंवा घशाच्या कर्करोगासाठी शेक (किरणोपचार) घेतलेल्या रुग्णाची तक्रार आपण ‘तोंड कोरडे पडले’ एवढ्या तीन शब्दांत नोंदवून मोकळे होतो. पण त्याच्याशी थोडे निवांत बोलले की कळते, तोंडात लाळ अगदीच नाही असे नसते. ती असते, पण दाट, चिकट आणि बोटाने ओढली तर तार सुटेल अशी. भाकरीचा घास ओला होत नाही आणि चिकटा मात्र घशात बसून राहतो. पाणी पिऊन तेवढ्यापुरते बरे वाटते, पुन्हा तेच. लाळेतला पातळ भाग आधी का जातो आणि श्लेष्मल भाग मागे का उरतो, हा प्रश्न घेऊन मी खारघरच्या एका कर्करोग संशोधन प्रयोगशाळेत उंदरांवरच्या कामाला लागले. त्या कामाची ही हकिकत आहे.

लाळग्रंथींची रचना आधी सांगायला हवी. मोठ्या ग्रंथींच्या तीन जोड्या असतात. कानापुढची पॅरॉटिड ग्रंथी जवळजवळ संपूर्णपणे पातळ, प्रथिनयुक्त लाळ बनवते. जबड्याखालची अधोहनू ग्रंथी मिश्र असते आणि जिभेखालची अधोजिव्हा ग्रंथी मुख्यतः श्लेष्मा बनवते. याशिवाय ओठ, गाल आणि टाळू यांच्या आतल्या अस्तरात शेकडो लहान ग्रंथी विखुरलेल्या असतात. त्यांची लाळ मोजायला गेले तर थोडी, पण म्युसिनचा म्हणजे श्लेष्म्याला चिकटपणा देणाऱ्या साखरयुक्त प्रथिनाचा मोठा वाटा त्यांचाच असतो. १९०६ साली बेर्गोनिए आणि त्रिबोंदो या फ्रेंच संशोधकांनी मांडलेला नियम आम्ही सगळेच शिकलो आहोत: ज्या पेशी वेगाने विभागतात आणि अजून पुरत्या घडलेल्या नसतात, त्यांना किरणांची इजा जास्त. लाळग्रंथी या नियमाला सरळ दाद देत नाहीत. त्यांच्या स्रावक पेशी पूर्ण घडलेल्या असतात आणि क्वचितच विभागतात, तरीही किरण दिल्यावर लाळ काही दिवसांतच घटते. त्यातही पातळ लाळ करणाऱ्या पेशी आधी कोलमडतात आणि श्लेष्मा करणाऱ्या पेशी जास्त टिकाव धरतात. सगळ्या पेशींना मात्रा तीच मिळते, तरी परिणाम निरनिराळा होतो, आणि मला त्या फरकाचेच आकर्षण होते.

प्राण्यांना हात लावण्याआधी कागदांचे काम असते आणि ते तसेच असले पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली केंद्र सरकारची समिती असते आणि तिच्या नियमांनुसार प्रत्येक संस्थेत प्राणी नीतिमत्ता समिती असते. उंदरांवरचे प्रस्ताव संस्थेच्या याच समितीपुढे ‘फॉर्म बी’ भरून जातात. समितीने आम्हाला विचारलेले प्रश्न कामाच्या मुळाशी जाणारे होते. पेशीसंवर्धनात हे का होणार नाही? कारण लाळ सुटायला मज्जातंतू लागतात, रक्तपुरवठा लागतो, नलिका लागतात. बशीत वाढवलेल्या पेशींना यांपैकी काहीच नसते. फक्त नरच का? कारण उंदराच्या अधोहनू ग्रंथीतील दाणेदार नलिका नरात मोठ्या आणि मादीत लहान असतात, म्हणजे नर आणि माद्या एकाच गटात मिसळल्या तर किरणांचा परिणाम कोणता आणि लिंगभेद कोणता हे वेगळे करता येत नाही. वाण कोणता? बाल्ब-सी या पांढऱ्या वाणात डीएनए-दुरुस्तीच्या एका विकराच्या जनुकात असा फरक आहे की ते प्राणी किरणांना जास्त हळवे असतात. म्हणून आम्ही सी-५७ ब्लॅक-सिक्स हा काळा वाण घेतला. समितीचा सर्वांत कळीचा प्रश्न होता की प्राण्याचा त्रास कोठे थांबवणार. वजन सुरुवातीच्या वीस टक्क्यांनी घटले की प्रयोगातील त्याचे काम तिथेच संपवायचे आणि त्याला वेदनारहित मरण द्यायचे, हे लेखी ठरले. प्राण्यांची संख्या संख्याशास्त्रज्ञाकडून काढून घेतली होती आणि ती एकानेही वाढवायची नाही, हेही ठरले.

किरण देण्याचे काम कोबाल्ट-६० च्या यंत्रावर झाले. ज्यांनी हे पाहिलेले नाही त्यांना वाटते की बटण दाबले की झाले. प्रत्यक्षात भौतिकशास्त्रज्ञ आधी आयनीकरण कक्ष या किरण मोजणाऱ्या उपकरणाने मात्रेचा दर मोजतात आणि मग किती वेळ किरण द्यायचे याचे गणित मांडतात. कोबाल्ट-६० चे अर्धायुष्य ५.२७ वर्षे असल्याने स्रोताची ताकद दर महिन्याला सुमारे एक टक्क्याने उतरते, म्हणून जुन्या वेळेवर विसंबून चालत नाही. आमच्या कामात दुसरी अडचण उंदराच्या आकाराची होती. कोबाल्टच्या गॅमा किरणांची मात्रा त्वचेवरच पूर्ण भरत नाही. ती सुमारे अर्धा सेंटिमीटर खोलीवर सर्वाधिक होते. माणसाच्या बाबतीत ही सोयीची गोष्ट आहे, कारण त्वचा वाचते. उंदराच्या लाळग्रंथी मात्र त्वचेखाली जेमतेम काही मिलिमीटरवर असतात. म्हणून मानेवर पाच मिलिमीटर जाडीचा पर्स्पेक्स या पारदर्शक प्लॅस्टिकचा थर ठेवावा लागतो, म्हणजे मात्रा त्या थरात भरत येते आणि ग्रंथीला ठरवलेली पूर्ण मिळते. बाकीचे शरीर शिशाच्या ठोकळ्यांनी झाकायचे. कोबाल्टचे किरण अर्धे अडवायला सव्वा सेंटिमीटरच्या आसपास शिसे लागते. ते तीन टक्क्यांपर्यंत खाली आणायचे तर पाच-सहा सेंटिमीटर. भुलीचे इंजेक्शन दिलेला प्राणी खाचेत बसवायचा, मान सरळ करायची, श्वास चालू आहे हे पाहायचे, खोलीचे दार बंद करायचे आणि पडद्यावर नजर ठेवायची.

मात्रा १५ ग्रे होती. आकडा मोठा वाटतो, पण ऊर्जा म्हणून पाहिले तर १ ग्रे म्हणजे एक किलो ऊतीला एक ज्यूल. १५ ग्रेने ऊतीचे तापमान अंशाच्या हजाराव्या भागाच्या सुमारे चौपटीइतकेच वाढते. त्वचा भाजत नाही, प्राण्याला त्या क्षणी काही जाणवत नाही. तरीही प्रत्येक ग्रेमागे पेशीच्या डीएनएत दोन्ही धागे एकदम तुटल्याच्या सुमारे चाळीस जागा तयार होतात, म्हणजे १५ ग्रेला सहाशेच्या घरात. वाशीला मसाल्यांना किरण देणारा सरकारी प्रकल्प २००० सालापासून चालू आहे. तिथे मिरची-हळदीतले जंतू मारायला हजारो ग्रे लागतात. सस्तन प्राण्याची ऊती किती थोड्यात बिघडते, हे त्या आकड्याशेजारी ठेवून पाहिले की नीट कळते.

किरण दिल्यानंतरचे दिवस मुख्यतः निगराणीचे असतात. दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास जिभेचे आणि ओठांच्या आतले अस्तर हुळहुळे होते आणि प्राणी कडक खाद्याच्या गोळ्या कुरतडायचे टाळतो. आम्ही त्याआधीच गोळ्या पाण्यात भिजवून पिंजऱ्याच्या तळाशी ठेवायला लागलो होतो, कारण वर जाळीत ठेवलेले खाणे ओढून काढण्याची ताकद त्याला उरत नाही. सोबत पाण्याची जेलही ठेवायची. रोज एकाच वेळी वजन घ्यायचे, अंगावरचे केस विस्कटलेले आहेत का, पाठ कुबडी झाली आहे का, डोळे अर्धवट मिटलेले आहेत का, हे पाहून नोंदवहीत लिहायचे. प्राणिगृहातले काका हे काम वर्षानुवर्षे करत आले आहेत. पिंजरा बाहेर काढण्याआधीच, नुसत्या हालचालीवरून, “मॅडम, हा आज खाल्लेला नाही,” असे ते सांगत आणि तराजू त्यांच्या बाजूने साक्ष देई. उपाशी प्राण्याची लाळ आपोआपच कमी सुटते. तेव्हा खाण्यापिण्याची काळजी जशी दयेपोटी घ्यायची, तशीच मोजमाप खरे यावे म्हणूनही घ्यायची.

लाळ गोळा करण्यासाठी प्राण्याला हलकी भूल देऊन पायलोकार्पिन या लाळ सुटायला लावणाऱ्या औषधाचे इंजेक्शन देतात. तेच औषध रुग्णांना तोंडाच्या कोरडेपणासाठी गोळीच्या रूपात दिले जाते. काही मिनिटांतच ओठांच्या कडेला लाळ दिसू लागते आणि ती ठरावीक वेळ बारीक नळीने टिपून, आधीच वजन केलेल्या कुपीत साठवायची असते. इथे पहिली लक्षणीय गोष्ट समोर आली. किरण दिल्यानंतर तिसऱ्या दिवशी गोळा केलेल्या लाळेचे वजन घटलेले होते आणि नळीत चढताना ती रेंगाळत होती. पण त्याच दिवशीच्या ग्रंथींच्या नेहमीच्या गुलाबी-जांभळ्या रंगाच्या काचपट्ट्या पाहिल्या तर पेशी बहुतेक जागच्या जागी होत्या. पेशी मेलेल्या नसताना काम कसे थांबते, याचे उत्तर पेशीच्या पटलात आणि कॅल्शियमच्या संदेशवहनात शोधले जाते. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असे दिसले की किरणांनंतर टीआरपीएम-२ नावाची कॅल्शियमची वाट उघडी पडते आणि ती वाट जनुकीय बदलाने काढून टाकलेल्या उंदरांत लाळ काही काळाने पुन्हा बरीचशी पूर्ववत होते. पाणी सोडण्याची यंत्रणा आधी बिघडते आणि पेशींची संख्या पुढच्या आठवड्यांत घटत जाते, असा हा क्रम आहे.

ग्रंथी काढताना हात हलका लागतो. उंदराची अधोजिव्हा ग्रंथी अधोहनू ग्रंथीच्या बाहेरच्या अंगाला एकाच आवरणात चिकटून बसलेली असते; अधिक चकाकणारी, किंचित पारदर्शक अशी ती छोटी पाकळी असते. घाईत दोन्ही एकत्र निघतात आणि एकत्र वाटल्या तर पातळ लाळेच्या आणि श्लेष्म्याच्या पेशींची मोजणी एकमेकींत मिसळते. आम्ही भिंगाखाली त्या वेगळ्या करून त्यांचे वजन स्वतंत्रपणे घेतले आणि आज मला वाटते की या कामातला सगळ्यात फलदायी निर्णय तोच होता.

ऊतीतला श्लेष्मा टिकवणे हा खरा कसोटीचा भाग आहे. ऊती टिकवण्याचे नेहमीचे द्रावण, फॉर्मॅलिन, पाण्यात केलेले असते. त्यात पेशी चांगल्या राहतात, पण पेशींच्या बाहेरचा श्लेष्म्याचा थर आकसतो किंवा वाहून जातो. मानेऐवजी उदरावर किरण दिलेला उंदरांचा दुसरा गटही आमच्याकडे होता, आणि त्यांच्या आतड्याच्या बाबतीत तर हा फरक सगळे चित्रच बदलून टाकतो. ऊतितंत्र विभागातल्या ज्येष्ठ तंत्रज्ञ बाईंनी मला कारनॉयचे द्रावण वापरायला लावले: साठ भाग अल्कोहोल, तीस भाग क्लोरोफॉर्म, दहा भाग ॲसेटिक आम्ल, पाण्याचा थेंब नाही. मोठ्या आतड्याचा तुकडा घेताना आतली लेंडी तशीच ठेवायची; धुवायचे नाही, दाबायचे नाही, कारण श्लेष्म्याचा थर लेंडी आणि आतड्याच्या भिंतीमध्ये असतो आणि लेंडी काढली की तोही तिच्याबरोबर निघून येतो. लहान आतड्याचा लांब तुकडा मात्र उघडून, सुरळीच्या वडीसारखा गुंडाळून मेणात बसवतात, म्हणजे सुरुवातीपासून शेवटपर्यंतचे अस्तर एकाच काचपट्टीवर पाहायला मिळते. आपल्याकडच्या उन्हाळ्यात मेणाचे ठोकळे मऊ पडतात आणि काप सुरकुततात. म्हणून कापण्याआधी ते बर्फावर ठेवावे लागतात आणि एका ठोकळ्याचे थोडेच काप घेऊन तो परत बर्फावर ठेवावा लागतो.

रंग देण्यासाठी ॲल्शियन ब्लू आणि पीएएस ही जोडी वापरली. आधी आम्लात बुडवून, मग पीएच २.५ च्या ॲल्शियन ब्लूमध्ये अर्धा तास. आम्लधर्मी म्युसिन निळे होते. नंतर पीएएस, म्हणजे पीरियॉडिक आम्ल आणि शिफचे द्रावण, आणि वाहत्या पाण्याखाली धुणे. धुताना उदासीन म्युसिनचा गुलाबी रंग हळूहळू गडद होत जातो आणि ते पाहण्याचा मला कधी कंटाळा आला नाही. दोन्ही प्रकारचे म्युसिन असलेल्या पेशी जांभळ्या येतात. किरण दिल्यानंतर काही आठवड्यांनी काढलेल्या ग्रंथींच्या काचपट्टीवर जे दिसले ते माझ्या प्रश्नाचे सरळ उत्तर होते. पॅरॉटिडमध्ये स्रावक पेशींचे पुंजके आक्रसलेले, मधेमधे पोकळ्या पडलेल्या, नलिका मात्र शिल्लक, आणि त्यांच्या भोवती तंतुमय ऊती वाढायला लागलेली. शेजारच्या अधोजिव्हा ग्रंथीत निळ्या पुंजक्यांची रांग बरीचशी भरलेली होती. श्लेष्मा करणारे कारखाने चालू होते. तो पातळ करून वाहून नेणारे पाणी कमी झाले होते. रुग्ण ज्या चिकट्याबद्दल बोलतात तो बव्हंशी इथून येतो.

आतड्यात गोष्ट उलट दिशेने जाते आणि म्हणूनच हा दुसरा गट मला आवश्यक वाटला. तिथल्या श्लेष्मस्रावी गॉब्लेट पेशी स्वतः विभागत नाहीत. क्रिप्ट नावाच्या खळग्यांच्या तळाशी असलेल्या मूळपेशींपासून त्या बनतात, वर सरकतात आणि उंदरात तीन ते पाच दिवसांत अंकुराच्या, म्हणजे अस्तरावरच्या बोटासारख्या उंचवट्याच्या, टोकावरून गळून पडतात. किरणांचा घाव तळाशी बसतो. काही तासांतच क्रिप्टच्या खालच्या भागात मरणाऱ्या पेशींचे गडद तुकडे दिसतात, पण वरच्या गॉब्लेट पेशी तेव्हा जागेवर असतात आणि काचपट्टी फसवी वाटावी इतकी चांगली दिसते. विदर्स आणि एल्काइंड यांनी १९७० साली मांडलेल्या पद्धतीत साडेतीन दिवसांनी जिवंत राहिलेल्या क्रिप्ट मोजतात. एक जरी मूळपेशी वाचली असेल तरी त्या वेळेपर्यंत तिथे पेशींचा दाट पुंजका उभा राहिलेला असतो. आम्ही उदरावर १२ ग्रे दिलेल्या गटाचे काम याच वेळी संपवले, म्हणजे अतिसाराचा पुढचा असह्य टप्पा त्या प्राण्यांच्या वाट्याला आला नाही. लहान आतड्याचे अंकुर आखूड झालेले होते. मोठ्या आतड्यात कारनॉयमुळे टिकलेला निळा पट्टा पाहता आला. निरोगी उंदराच्या मोठ्या आतड्यात भिंतीलगतचा श्लेष्म्याचा आतला थर सुमारे पन्नास मायक्रॉन जाडीचा असतो आणि त्यात जिवाणू शिरू शकत नाहीत. हे गोथेनबर्गच्या संशोधकांनी २००८ साली दाखवून दिले. आमच्या किरण दिलेल्या प्राण्यांत तो पट्टा सलग राहिलेला नव्हता. काही ठिकाणी पातळ, काही ठिकाणी तुटलेला. अस्तर उघडे पडण्याच्या आधीच त्याचे पांघरूण फाटू लागते, याचा अर्थ जिवाणूंना वाट लवकर मिळते, आणि उदरावर शेक घेणाऱ्या रुग्णांच्या जुलाबांकडे पाहताना हे ध्यानात ठेवायला हवे.

मोजणी कूटक्रमांकाने केली. काचपट्टी कोणत्या गटाची हे मला माहीत नव्हते. क्रमांकांची यादी दुसऱ्या विभागातील सहकाऱ्याकडे होती. हे फार आवश्यक आहे, कारण निळा रंग ‘थोडा फिका’ की ‘बराच फिका’ हे ठरवताना मन आधीच्या अपेक्षेकडे झुकते. एका खळग्यात किती गॉब्लेट पेशी आहेत, त्यातल्या किती भरलेल्या आणि किती रिकाम्या झालेल्या आहेत, हे दोन जणांनी स्वतंत्रपणे मोजायचे आणि मग आकडे जुळवायचे. जिथे दोघांत फरक पडला ते क्षेत्र दोन डोळ्यांच्या जोड्या असलेल्या सूक्ष्मदर्शकावर एकत्र बसून पुन्हा पाहायचे.

या सगळ्यातून रुग्णापर्यंत जाणारी वाट सरळ नाही, हे मला मान्य आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही. आम्ही उंदराला १५ ग्रे एकदाच दिले. रुग्णाला ६० ते ७० ग्रे मिळतात, पण रोज २ ग्रे, आठवड्यातून पाच दिवस, सहा-सात आठवडे. दोन मात्रांच्या मधल्या वेळात पेशी दुरुस्ती करतात आणि त्यामुळे श्लेष्मल व पातळ ग्रंथींतला फरक कमी किंवा अधिक होऊ शकतो. किरणांची तीव्रता भागाभागाने बदलणाऱ्या नव्या तंत्राने पॅरॉटिड ग्रंथी वाचवायची असेल, तर तिची सरासरी मात्रा २५-२६ ग्रेच्या खाली ठेवण्याचा प्रयत्न डॉक्टर करतात आणि त्याचा फायदा दिसतो. मात्र तोंडातल्या लहान श्लेष्मल ग्रंथी किरणांच्या वाटेतच असतात आणि त्या आराखड्यात सहसा कोणी मोजत नाही. १९९९ साली अमेरिकेत कोरड्या तोंडासाठी मान्यता मिळालेले अमिफोस्टिन हे औषध ग्रंथींचे काही अंशी रक्षण करते, पण मळमळ आणि रक्तदाब उतरणे या त्रासांमुळे ते सगळ्यांना झेपत नाही. म्हणून पुढच्या प्रस्तावात आम्ही विभागून मात्रा देण्याचा गट मागितला आहे, लाळेच्या वजनाबरोबर तिचा दाटपणा मोजण्याची पद्धत लिहिली आहे आणि टाळूच्या अस्तरातील लहान ग्रंथींचे काप कारनॉयमध्येच ठेवायचे असे नमूद केले आहे. समितीने रोज भूल देण्याचा प्राण्यांवरचा भार किती, असा प्रश्न त्यावर विचारला आहे. तो योग्य आहे, आणि सध्या आम्ही भूल न देता, पारदर्शक नळीत प्राण्याला थोडा वेळ शांत ठेवून किरण देता येतील का, याची तालीम किरणांशिवाय करत आहोत.